ऑस्मोमीटर ३०० दाखवत होता, तरी पेशी फुटत होत्या

तांबड्या रक्तपेशींच्या पटलाने, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाने, आमच्या प्रयोगशाळेत काही आठवडे जो घोळ घातला, त्याची ही हकिकत. खरं सांगायचं तर घोळ आम्हीच घातला होता, पटल आपलं काम चोख करत होतं. विद्यार्थिनीची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. प्रयोगाचा गाभा आणि माझ्या हातून झालेली चूक मात्र जशीच्या तशी आहे.

पार्श्वभूमी

पदव्युत्तर जीवरसायनशास्त्राची एक विद्यार्थिनी माझ्या मार्गदर्शनाखाली प्रकल्प करत होती. विषय जुनाच, पण सुंदर. तांबड्या पेशीच्या आतल्या पाण्यात दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल पोटॅशियम असतं, बाहेरच्या प्लाझ्मात जेमतेम ४ ते ५. सोडियमचं उलट: बाहेर १४० च्या आसपास, आत १० ते १५. ही तफावत आपोआप टिकत नाही. पटलातून दोन्ही आयन थोडे थोडे झिरपत असतात आणि पटलातलाच एक पंप त्यांना परत जागेवर नेत असतो. एक एटीपी (पेशीचं इंधन असलेला रेणू) खर्चून ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये या पंपाचं काम दाखवून दिलं आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

रक्त ४ अंश तापमानाला ठेवलं की पंप जवळजवळ थांबतो, झिरपणं मात्र मंद गतीने चालूच राहतं. म्हणून साठवलेल्या रक्तात पेशींबाहेरचं पोटॅशियम वाढत जातं. सुरुवातीच्या आठवड्यांत साधारण दिवसाला लिटरमागे १ मिलिमोल. तिला दोन गोष्टी तपासायच्या होत्या. साठवणुकीचे दिवस वाढतात तशा पेशी अधिक गळक्या होतात का? आणि त्यांना ३७ अंशांवर ग्लुकोज देऊन ठेवलं तर पंप पुन्हा सुरू होऊन बाहेर गेलेलं पोटॅशियम परत आत येतं का?

पद्धत सोपी होती. ठरलेल्या दिवशी साठवलेल्या रक्तातून नमुना काढायचा, पेशी तीनदा धुवायच्या, नव्या द्रावणात ५ टक्के प्रमाणात मिसळायच्या, काही तास ठेवायच्या, सेंट्रिफ्यूज करायच्या आणि वर राहिलेल्या द्रवातलं पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर (ज्वालेत अणूंनी दिलेल्या प्रकाशावरून प्रमाण सांगणाऱ्या यंत्रावर) मोजायचं.

द्रावण कसं ठरलं

सगळा प्रश्न इथेच रुजला, म्हणून जरा थांबून सांगते.

फ्लेम फोटोमीटरमध्ये नमुन्यात सोडियम भरपूर असेल तर पोटॅशियमचं वाचन खऱ्यापेक्षा जास्त येतं. ज्वालेत सोडियमचं आयनीभवन होऊन इलेक्ट्रॉन सुटतात, त्यामुळे पोटॅशियमचे अणू आयन होण्याऐवजी अणूच राहतात आणि अधिक प्रकाश देतात. तिला मोजायचं पोटॅशियम अगदी थोडं होतं आणि सोबत नेहमीच्या मिठाच्या पाण्यातलं १५४ मिलिमोल सोडियम. ही तिची काळजी रास्तच होती.

पहिला प्रयत्न सुक्रोजचा. मीठ पूर्ण काढून त्याऐवजी सुक्रोज घातलं. पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्या, घट्टसर द्रव यंत्रात नीट ओढला जाईना आणि बर्नरवर काजळी धरली. सुक्रोज बाद झालं. मग तिने मधला मार्ग काढला: सोडियम क्लोराइड १५४ वरून ९० मिलिमोलवर आणायचं आणि कमी पडणारी तूट १२० मिलिमोल युरियाने भरून काढायची. युरिया चटकन विरघळतो, द्रावण पातळ राहतं, ज्वालेत मागे काही उरत नाही. हिशेबही बरोबर होता. मिठाचे दोन आयन होतात म्हणून ९० चे १८०, त्यात युरियाचे १२०, एकूण ३०० मिलिऑस्मोल, पेशीच्या आत असतात तेवढेच. विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण मोजणाऱ्या ऑस्मोमीटरनेही ३०० च्या आसपासच आकडा दाखवला.

ती कागद घेऊन आली. "मॅडम, आयसोटॉनिक आहे, मोजून बघितलं."

मी आकडा पाहिला आणि सही केली. हा पहिला निर्णयाचा क्षण, आणि तो माझा होता. युरिया पटलातून आत जातो हे मी वर्गात अनेकदा शिकवलं आहे. पण समोर द्रावणाचा आकडा होता, पटल नव्हतं, आणि पटलाबद्दलचा प्रश्न माझ्या मनात उमटलाच नाही.

सरळ रेषेचा आलेख

पहिल्या काही आठवड्यांचे निकाल देखणे होते. ताज्या रक्ताच्या नमुन्यात बाहेर थोडं पोटॅशियम, आठवड्याने अधिक, तीन आठवड्यांनी आणखी अधिक. आलेख जवळजवळ सरळ रेषेत चढत होता. गृहीतकाला हवं तेच दिसत होतं, त्यामुळे कोणी खोलात गेलं नाही. तिच्या वहीत मात्र प्रामाणिक नोंदी होत्या: "वरचा द्रव किंचित गुलाबी." पुढच्या पानावर: "आज गुलाबी रंग जास्त. पिपेटिंग जोरात झालं असावं." आणि एके ठिकाणी: "जुन्या पेशी नाजूक असणारच."

शेवटचं वाक्य चुकीचं नाही. साठवणुकीत पेशी आपल्या पटलाचे बारीक बुडबुडे गमावतात, आकाराने गोल होत जातात आणि खरंच नाजूक होतात. पण या नाजूकपणाचा पोटॅशियमच्या आकड्याशी काय संबंध आहे, हा प्रश्न वहीत नव्हता आणि मीही विचारला नाही.

गाडी अडली ती दुसऱ्या भागात. ३७ अंशांवर ग्लुकोजसह ठेवलेल्या नळ्यांत बाहेरचं पोटॅशियम कमी व्हायला हवं होतं. झालं नाही. तीनदा केलं, तरी नाही. जुन्या पेशींत नाही, तुलनेने ताज्या पेशींतही फारसं नाही.

तिचा अर्थ असा होता: थंडीत पंप कायमचा निकामी होतो. ती उत्साहात होती आणि तो उत्साह मला अजून आठवतो. विभागातल्या सादरीकरणासाठी मसुदाही तयार झाला होता. पण साठवलेल्या पेशींना ऊब आणि इंधन दिलं की पंप सावरतो हे पूर्वीपासून माहीत आहे, आणि तिचा निकाल त्याच्या थेट विरुद्ध जात होता. मी सादरीकरण दोन आठवडे पुढे ढकललं. ती नाराज झाली. या प्रकरणात मी वेळेवर घेतलेला निर्णय बहुधा हा एकच.

समोर असलेले अर्थ

आम्ही तिघं बसलो. ती, मी आणि शरीरक्रियाशास्त्राचे एक ज्येष्ठ सहकारी. फळ्यावर तीन शक्यता लिहिल्या.

एक, पंप खरोखर मेला आहे. तसं असेल तर गळती सावकाश, तासागणिक वाढायला हवी.

दोन, युरिया पटलाला किंवा पंपाच्या प्रथिनाला इजा करतो. युरियाने प्रथिनं उलगडतात हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे ही शक्यता पटकन पटते. मात्र त्यासाठी साधारण ६ ते ८ मोलर युरिया लागतो. आमचा ०.१२ मोलर होता.

तीन, पेशी गळत नाहीत, त्यांतल्या काही फुटत आहेत. फुटलेल्या पेशीचं पोटॅशियम परत आत घेणार कोण?

सहकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: "शून्य मिनिटाचं वाचन कुठे आहे?"

ते नव्हतंच. पेशी द्रावणात घातल्यावरचं पहिलं वाचन थेट दोन तासांनंतरचं होतं. त्याच दिवशी नमुना घेऊन पहिल्या दोन मिनिटांतच सेंट्रिफ्यूज केला. "गळालेल्या" पोटॅशियमचा बहुतेक भाग तेवढ्यातच बाहेर होता. झिरपायला तास लागतात, फुटायला काही सेकंद.

मग फळ्यावरच एक हिशेब केला, जो खरं तर पहिल्या दिवशी करायला हवा होता. एक लिटर पेशींत सुमारे १०० मिलिमोल पोटॅशियम असतं. ५ टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये ५० मिलिलिटर पेशी, म्हणजे ५ मिलिमोल पोटॅशियम. त्यातल्या फक्त १ टक्का पेशी फुटल्या तर ०.०५ मिलिमोल बाहेर. थंडीतल्या साठवणुकीत याच पेशींतून दिवसभरात जेवढं पोटॅशियम झिरपतं, त्याच्या निम्म्याहून हे अधिक आहे. म्हणजे फुटलेल्या पेशींतल्या हिमोग्लोबिनने आलेली, डोळ्याला "किंचित गुलाबी" वाटणारी छटा तिची मोजायची गोष्ट पूर्ण झाकून टाकायला पुरेशी होती.

पेशीला काय दिसतं

पुढच्या चाचणीआधी पटलाबद्दल थोडं बोलणं भाग आहे, कारण उत्तर त्याच्या रचनेतच आहे.

पेशीपटल मुळात मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर. प्रत्येक रेणूचं डोकं पाण्याशी मिळतंजुळतं घेणारं, शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या. म्हणून डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या मधे, एकमेकींकडे. हा शोधही तांबड्या पेशींवरच लागला, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. या पेशींत केंद्रक नाही, आतली इतर पटलं नाहीत, जे काही मेद आहे ते बाहेरच्या पटलाचंच. १९२५ मध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी ते काढून पाण्यावर एका रेणूच्या जाडीत पसरलं आणि क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरलं, म्हणजे थर दोन. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या: मेद पूर्ण निघालं नव्हतं आणि पृष्ठभागही कमी धरला गेला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींना सावरलं आणि निष्कर्ष बरोबर निघाला. आमच्या प्रकरणात उलटं झालं. सुटी मापं सगळी बरोबर होती, निष्कर्ष चुकला.

या थरात प्रथिनं रोवलेली असतात आणि थराच्या प्रतलात ती सरकूही शकतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं द्रवरूप नक्षीचं प्रतिरूप ते हेच. कोणता पदार्थ आत जाणार, कोणता बाहेर अडणार, हे बरंचसं या प्रथिनांवर ठरतं. मेदाच्या मधल्या थरातून आयन जवळजवळ जातच नाहीत. पाणी थोडं जातं, पण तांबड्या पेशीत पाण्यासाठी ॲक्वापोरिन नावाचे खास मार्ग आहेत, त्यामुळे ते झपाट्याने ये-जा करतं. पीटर ॲग्रे यांनी ते ओळखले आणि २००३ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले.

युरियासाठीही मार्ग आहे, आणि आमच्या प्रकरणाची किल्ली तीच. मानवी तांबड्या पेशीच्या पटलात युरिया आत-बाहेर नेणारं यूटी-बी नावाचं प्रथिन असतं. रक्त मूत्रपिंडाच्या आतल्या भागातून जातं तेव्हा भोवती युरिया खूप दाट असतो. तिथे पेशी आक्रसू नये आणि बाहेर पडताना फुगू नये म्हणून हा मार्ग उपयोगी पडत असावा, असं मानलं जातं.

आता पेशीच्या जागी बसून पाहू. बाहेर ३०० मिलिऑस्मोल, आत ३००, सगळं बरोबरीत. पण युरिया काही सेकंदांत आत शिरतो आणि दोन्हीकडे सारखा होतो. आतलं हिमोग्लोबिन, पोटॅशियम, फॉस्फेट मात्र बाहेर जाऊ शकत नाहीत. आत त्यांचे ३०० अधिक युरिया, बाहेर मिठाचे १८० अधिक तेवढाच युरिया. युरिया दोन्ही बाजूंनी खोडला की उरतात ३०० विरुद्ध १८०. पाणी आत धावतं. पेशीच्या दृष्टीने आमचं द्रावण हे ०.५३ टक्के मिठाचं पाणीच होतं.

फुगण्याची मुभा पेशीला किती? निरोगी तांबडी पेशी मधे दबलेल्या चकतीसारखी असते. घनफळ सुमारे ९० घन मायक्रोमीटर, पृष्ठभाग सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर. एवढ्याच पृष्ठभागाचा पूर्ण गोल केला तर त्यात साधारण १५५ घन मायक्रोमीटर मावतात. म्हणजे पटल न ताणता ती दीडपटीहून जास्त फुगू शकते. गोल झाल्यावर मात्र संपलं. मेदाचा थर क्षेत्रफळात जेमतेम ३ ते ४ टक्के ताणतो आणि फाटतो. ताज्या निरोगी पेशी मिठाचं प्रमाण ०.५ ते ०.४५ टक्क्यांपर्यंत उतरलं की फुटू लागतात आणि ०.३ च्या आसपास जवळजवळ सगळ्या फुटलेल्या असतात. जुन्या पेशी आधीच गोलाकडे झुकलेल्या, त्यांच्याकडे फुगायला जागा कमी, म्हणून त्या ०.५३ लाही फुटतात.

तिच्या सरळ रेषेचं रहस्य हे होतं. दिवसागणिक वाढत होती ती पेशींची नाजुकता, आणि आम्ही तिला पोटॅशियमची गळती म्हणत होतो.

सहा नळ्या

तर्क कितीही पटला तरी तो नळीत दिसायला हवा. तिने स्वतः सहा नळ्यांची चाचणी आखली आणि प्रत्येक नळीत काय होईल ते आधी लिहून ठेवलं. मला या प्रकरणातलं तिचं सर्वांत चांगलं काम हे वाटतं.

पहिली नळी: फक्त मीठ, १५४ मिलिमोल. दुसरी: फक्त मीठ, ९० मिलिमोल. तिसरी: आमचं द्रावण, ९० मीठ आणि १२० युरिया. चौथी: ९० मीठ आणि १२० सुक्रोज. पाचवी: १५४ मीठ आणि वर १२० युरिया. सहावी: नुसता युरिया, ३०० मिलिमोल. सर्वांत तीन आठवड्यांच्या त्याच पेशी. फुटलेल्यांचं प्रमाण वरच्या द्रवाच्या ५४० नॅनोमीटरच्या वाचनावरून (हा प्रकाश हिमोग्लोबिन शोषतं) काढायचं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सगळ्या पेशी फोडलेली नळी १०० टक्के धरून.

पहिली, चौथी आणि पाचवी जवळजवळ स्वच्छ. दुसरी आणि तिसरी सारख्याच गुलाबी. वाचनातला फरक रोजच्या चुकीच्या मर्यादेत. सहाव्या नळीत गढूळ मिश्रण बघता बघता पारदर्शक लाल झालं, नळीमागे धरलेली अक्षरं वाचता आली, आणि सेंट्रिफ्यूजनंतर तळाशी पेशी उरल्याच नाहीत.

दुसरी आणि तिसरी सारखी, म्हणजे युरियाने पेशी राखण्यात काहीही हातभार लावला नाही. तो घातला काय आणि न घातला काय. पाचवी स्वच्छ, म्हणजे युरिया पटलाला मारतही नाही. ही पाचवी नळी नसती तर "युरिया विषारी आहे" हा अर्थ तसाच टिकला असता. तिचा ऑस्मोमीटरचा आकडा ४०० च्या वर होता आणि पेशी शाबूत. सहावीचा आकडा नेमका ३०० आणि एकही पेशी उरली नाही. त्या दोन नळ्या तिने शेजारी शेजारी धरल्या आणि बराच वेळ काही बोलली नाही.

इथे भाषेचाही थोडा दोष आहे. मराठीत आपण "समपरासारी" हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. एक अर्थ आयसोऑस्मोटिक, म्हणजे विरघळलेल्या कणांची संख्या सारखी. हे ऑस्मोमीटर सांगू शकतो, कारण तो द्रावणाचा गोठणबिंदू किती उतरला तेवढंच पाहतो. दुसरा आयसोटॉनिक, म्हणजे त्या द्रावणात पेशीचं घनफळ बदलत नाही. हे पटलाला विचारल्याशिवाय कळत नाही, आणि ऑस्मोमीटरमध्ये पटल नसतं. आता मी विद्यार्थ्यांना हे दोन शब्द वेगवेगळेच वापरायला लावते, जड वाटले तरी.

सहकाऱ्यांनी तेव्हा एक जुनी गोष्ट सांगितली, ती इथे नोंदवण्यासारखी आहे. प्लेटलेट मोजणाऱ्या एका प्रकारच्या यंत्रात तांबड्या पेशी आधी फोडून टाकण्यासाठी २ मोलर युरिया वापरत. १९८२ मध्ये असं प्रसिद्ध झालं की एका रुग्णाच्या पेशी त्यात फुटतच नव्हत्या. त्याच्या पेशींवर किड रक्तगटाचे दोन्ही प्रतिजन (रक्तगट ठरवणाऱ्या पेशीवरच्या खुणा) नव्हते. पुढे उलगडलं की किड प्रतिजन वाहणारं प्रथिन आणि युरियाचा मार्ग एकच आहेत. मार्गच नाही, म्हणून युरिया झटकन आत जात नाही, म्हणून पेशी टिकते. आमच्या रक्तदात्याच्या पेशी अशा असत्या तर त्या इतक्या झटकन फुटल्या नसत्या.

पुढे काय करायचं

हातात सात आठवडे होते. पर्याय तीन.

जुनी आकडेवारी वाचवता येईल का, हे आधी पाहिलं. काही नमुन्यांचा वरचा द्रव गोठवून ठेवलेला होता. त्यातलं हिमोग्लोबिन मोजून किती पेशी फुटल्या ते काढायचं आणि तेवढं पोटॅशियम वजा करायचं. दोन दिवस प्रयत्न केला. पण मोठ्या आकड्यातून जवळजवळ तेवढाच मोठा आकडा वजा केला की उरते ती मुख्यतः मोजणीतली चूक. काही नमुन्यांत उत्तर शून्याखाली गेलं. सोडून दिलं.

दुसरा पर्याय युरियाच्या जागी बाहेरच राहणारा पदार्थ घालण्याचा. चौथ्या नळीने दाखवलं होतं की मीठ आणि सुक्रोजचं मिश्रण पेशींना चालतं. पण द्रावणातले आयन कमी झाले की पटलातून पोटॅशियमची गळती वाढते, आणि आम्हाला तर गळतीच मोजायची होती. ग्लुकोजचा विचारही आला. मानवी तांबड्या पेशीत त्यासाठीही वाहक प्रथिन आहे, म्हणजे युरियाइतक्या वेगाने नाही तरी तोच घोटाळा.

तिसरा पर्याय इतका साधा होता की तो आधी सुचला नाही याची रुखरुख वाटते. मीठ काढायचंच कशाला? फ्लेम फोटोमीटरच्या प्रमाण द्रावणांतही (पोटॅशियम आधीच माहीत असलेली, ज्यांच्याशी नमुना ताडतात ती) तेवढंच १५४ मिलिमोल सोडियम क्लोराइड घालायचं. मग सोडियमचा जो काही परिणाम व्हायचा तो प्रमाणातही होईल आणि नमुन्यातही, आणि तुलना सरळ राहील. आम्ही हेच केलं. यंत्राची अडचण यंत्राच्या बाजूने सोडवली आणि पेशीला तिच्या सवयीचं द्रावण परत दिलं.

सोबत दोन नियम ठरवले. प्रत्येक नमुन्याचं शून्य मिनिटाचं वाचन घ्यायचं. प्रत्येक नळीचं हिमोग्लोबिन मोजायचं आणि फुटलेल्या पेशींचं प्रमाण आधी ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेलं तर ती नळी बाद, पोटॅशियमचा आकडा न पाहता. हा क्रम महत्त्वाचा. आकडा पाहून मग नळी बाद करायची की नाही ठरवलं की मन आपल्याला हवं तेच ठेवतं.

निष्पन्न

नव्या आलेखात सरळ रेषा नव्हती. गळती होती, पण पूर्वीच्या मानाने फार लहान, आणि साठवणुकीच्या दिवसांनुसार तिच्यात फारसा स्पष्ट चढ दिसला नाही. ३७ अंशांवर ग्लुकोजसह ठेवल्यावर पोटॅशियम परत आत जाऊ लागलं. सगळं नाही, पण शंका राहू नये इतकं. पंप अडवणारं औबेन घातलेल्या नळ्यांत ते परत गेलं नाही. ज्या पंपाला आम्ही मृत ठरवणार होतो, तो काम करत होता.

प्रबंधात तिने जुना आलेखही दिला, तो का चुकला त्यासह. मी सुचवलं नव्हतं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी निम्मा वेळ त्याच पानावर घालवला.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या सहीपाशी परत जाते. त्या कागदावर द्रावणातल्या प्रत्येक घटकापुढे एवढंच लिहायला हवं होतं: पटलातून जातो, जात नाही, किंवा जातो पण परत काढला जातो. आता आमच्या फॉर्मवर हा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय मी सही करत नाही. तिसरा प्रकार मुद्दाम ठेवला आहे. मीठ आपण "बाहेर राहणारं" धरतो, पण सोडियमही सावकाश आत झिरपतंच. पंप त्याला बाहेर फेकत राहतो म्हणून ते बाहेर असल्यासारखं वागतं.

गुलाबी छटेचं काय करायचं हे आधी ठरलेलं नव्हतं. तिने ती पाहिली, लिहिलीही, पण लिहिल्यावर पुढे कोणाकडे जायचं याची वाट नव्हती. त्या वह्या मी दर आठवड्याला वाचत असते तर दुसऱ्याच आठवड्यात थांबलो असतो. मी फक्त आलेख पाहत होते.

मीठ कमी करण्याची गरज खरंच आहे का, हे एका तासात तपासता आलं असतं: मिठातली प्रमाण द्रावणं बनवून, पेशी न वापरता. ते आधी झालं असतं तर युरियाचा विषयच निघाला नसता.

एक गोष्ट अजून आमच्या टेबलावर आहे. ४ अंशांवर पंप थांबलेला असतो, त्यामुळे दीर्घ साठवणुकीत मिठाचं पाणीसुद्धा पूर्णपणे "बाहेरचं" राहत नाही. सोडियम आणि त्यामागून क्लोराइड सावकाश आत जातं, पाणीही जातं, पेशी हळूहळू फुगते. रक्तपेढ्यांत तांबड्या पेशींसाठी वापरल्या जाणाऱ्या एका साठवण द्रावणात मीठ, ॲडेनिन आणि ग्लुकोज यांच्यासोबत मॅनिटॉल असतं. तो रेणू पटलातून आत जात नाही, आणि त्याने पेशी फुटण्याचं प्रमाण कमी होतं. आमच्या पद्धतीत लांब मुदतीच्या नळ्यांना थोडं मॅनिटॉल द्यावं का, आणि दिलं तर गळतीच्या आकड्यावर त्याचा काय परिणाम होतो, हे सध्याचा विद्यार्थी पाहतो आहे. त्याच्या पहिल्या पानावर शून्य मिनिटाचं वाचन आहे.